डाव्या पायाचा अंगठा

लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही नवरा-बायको एका घरात राहिलो ते सुट्ट्यांपुरतेच. मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर होतो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, आणि तिची शाळा गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्याही पुढे, जंगलातल्या एका लहान गावात. माझी नोकरी सोडवत नव्हती, तिची बदली होत नव्हती. मूलबाळ झालं नाही. त्यामुळे "आता एकाने तरी घर धरा" असं म्हणायलाही घरात तिसरं कोणी नव्हतं.

माझी साप्ताहिक सुट्टी रविवारी आली, की शुक्रवारची रात्रपाळी संपवून शनिवारी सकाळीच मी निघायचो. चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोली आणि तिथून धानोऱ्याकडची बस. बस मला एका फाट्यावर उतरवून पुढे जायची. फाट्यापासून तिच्या गावापर्यंत चालत जावं लागायचं. सागाचं आणि ऐनाचं जंगल, मध्ये एक नाला, नाल्यापलीकडे थोडी चढण. उन्हं उतरायच्या आत पोचायचं म्हणून मी भरभर चालायचो. गावात शिरलो की ती शाळेच्या ओट्यावर बसलेली दिसायची. मी दिसलो की ती उठून आत जायची. सामोरी कधी आली नाही, पण मी हातपाय धुऊन येईपर्यंत चहा झालेला असायचा. त्या चहासाठी मी दिवसभराचा प्रवास करत होतो असं म्हटलं तरी चालेल.

मग माझा पाय दुखायला लागला.

नव्वद साल उलटून गेलं होतं. बॉयलरवर आम्हाला पुढे लोखंडी टोपी असलेले काळे सेफ्टी शूज घालावे लागत. पायावर पाना पडला, पाइपाचा तुकडा पडला तर बोटं वाचावीत म्हणून. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, एक टेंगूळ आलं होतं. आधी नुसतं लाल व्हायचं. मग पाळी संपताना ठणकायला लागलं. नेमकी त्या लोखंडी टोपीची मागची कड त्याच्यावर बसायची. जोडा काढला की तिथे गोल वळ उमटलेला दिसायचा, आणि अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे कलत चालला होता.

आमच्या टोळीतले सगळ्यात जुने फिटर चंद्रपूरचे होते, मुसलमान कुटुंबातले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मी त्यांच्या हाताखाली काम शिकलो आणि डबाही त्यांच्याबरोबरच खायचो. माझ्या डब्यातली वांग्याची भाजी ते ओढून घ्यायचे आणि त्यांच्या डब्यातला खिमा माझ्याकडे सरकवायचे. माझं लंगडणं पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं.

"काऊन रे भाऊ, लंगडून राह्यला?"

"जोडा चावते उस्ताद."

"जोडा नवा आहे का? दोन वर्षांचा जुना जोडा कोणाला चावते?"

मी पाय दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हड्डी वाढून राह्यली ही. डॉक्टरला दाखव."

मी डॉक्टरला दाखवलं नाही. आधी गावी गेलो. माझं गाव ब्रह्मपुरीजवळ, धानाचं. आईने पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने टेंगूळ दाबून पाहिलं आणि तिचंही तेच मत पडलं. "हाड वाढलं बाबू तुह्यं. बिबा घालून देते, बसून जाईन." तिच्या आईचा गुडघा बिब्याने बरा झाला होता. तिने सुई तापवून बिब्यात खुपसली आणि सुईला लागलेलं तेल त्या टेंगळावर टेकवलं. दुसऱ्या दिवशी तिथे फोड आले, चौथ्या दिवशी कातडी निघून आली. जोडा घालणं तर सोडाच, पांघरूण लागलं तरी ओरडायचो. कामावर रजा टाकावी लागली. आई जवळ येऊन बसायची आणि "माह्याच हातानं झालं" म्हणत वारा घालायची. मी तिला रागावलो नाही. पण जखम भरल्यावर पाहिलं, तर कातडी काळी पडली होती आणि खालचं टेंगूळ होतं तसंच होतं.

मग कॉलनीतल्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरला वाटलं, रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलं असणार, अंगठ्याचा सांधा सुजतो तो त्यानेच. डाळी बंद केल्या. विदर्भातल्या माणसाची तूरडाळ बंद केली तर त्याच्या ताटात राहतं काय? मी भातावर कढी घेऊन जेवत राहिलो. रक्त तपासलं तर त्यात काही निघालं नाही. डाळ पुन्हा सुरू झाली. पाय दुखायचा तो दुखतच राहिला.

शेवटी मी मला सुचलं ते केलं. वर्कशॉपमधल्या सुरीने डाव्या जोड्याचं कातडं, टेंगूळ बसायचं तिथे, रुपयाएवढं कापून काढलं. त्या दिवशी पहिल्यांदा पाळी सुखाने गेली. आठवडाभरही झाला नसेल, सेफ्टी ऑफिसरच्या नजरेला ते पडलं.

"हा जोडा कोणी कापला?"

"मीच, साहेब. पाय दुखते."

"दुखतो म्हणून जोडा कापायचा? गरम राख आत गेली तर? पायावर काही पडलं तर कोण जबाबदार?"

त्याचं चुकलं नव्हतं. माझा पाय त्याने पाहिला, आणि त्याने आरडाओरडाही केला नाही. पण सेफ्टी शूज घालता येत नसतील तर बॉयलरवर उभं राहता येत नाही, हा नियम होता. मला हलकं काम देण्यात आलं. धरणाच्या काठी पाण्याचं पंप हाऊस होतं, तिथे पंप चालू आहेत का बघायचं, दाब बघायचा, तासातासाने आकडे लिहायचे. तिथे जड काही उचलायचं नसल्याने साधा बंद बूट चालायचा.

लोक म्हणाले, बरं झालं, आराम मिळाला. आरामच होता. कंपनीची बस मला तिथे सोडायची आणि पाळी संपली की न्यायला यायची. मधल्या वेळात मी एकटा. पंपांचा आवाज इतका, की कोणी असतं तरी बोलणं ऐकू आलं नसतं. बाहेर पाणी पसरलेलं, काठाला बेशरमाची झुडपं आणि पाण्यात उभे बगळे. पहिल्या दिवशी डबा उघडला आणि सवयीने अर्धी भाजी बाजूला काढून ठेवली. मग ती मीच खाल्ली. बॉयलरची धग, धूळ, शिव्या, उस्तादांचं ओरडणं, यांतलं काही आपल्याला हवं असेल असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

फाट्यापासूनची चाल आता जमत नव्हती. पंप हाऊसवर पाय एवढा दुखायचा नाही, पण सलग चाललं की नाल्यापर्यंतच टेंगूळ सुजून लाल व्हायचं. मी दर सुट्टीला जायचो ते महिन्या-दीड महिन्याने जायला लागलो. तिच्या गावात फोन नव्हता. पोस्टकार्डावर मी लिहायचो, "या वेळी ड्युटी आली." पायाचं लिहिलं नाही. पस्तिशीतल्या माणसाने बायकोला काय लिहायचं, की अंगठा दुखतो म्हणून तुला भेटायला येत नाही?

एकदा बऱ्याच दिवसांनी गेलो. त्या दिवशी बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी चाललो. गावात पोचलो तेव्हा दिवस मावळला होता आणि शाळेच्या ओट्यावर कोणी नव्हतं. ती घरात तांदूळ निवडत बसली होती.

"काऊन जी, वाट विसरले का इकडची?" तिने विचारलं. हसून नाही, रागावूनही नाही.

"ड्युटी होती."

सकाळी उठून अंगणात गेलो तेव्हा तिने मला चालताना पाहिलं. पाय जमिनीवर टेकवत नव्हता. ती दारात उभी राहून म्हणाली, "इतकं दुखते तं आले कशाले?"

मी दुपारच्या बसने परत निघालो. बसमध्ये तेच एक वाक्य डोक्यात फिरत राहिलं. आले कशाले. मला वाटलं, हिला आता माझं येणं नको झालं आहे. एकटीने राहायची सवय झाली असेल. माझं तरी काय निराळं होतं? क्वार्टरमध्ये परत आलो, कुलूप उघडलं, तेव्हा आतल्या बंद हवेचा वास ओळखीचा वाटला. पुढचे बरेच महिने मी गेलोच नाही.

उस्ताद मला विसरले नव्हते. आपल्या एका सुट्टीच्या दिवशी ते सायकल मारत पंप हाऊसवर आले आणि म्हणाले, "उद्या चंद्रपूरला चल. हाडांचा नवा डॉक्टर आला आहे. नाही म्हणशील तर तुला कॅरिअरवर बांधून नेतो."

डॉक्टर तरुण होता. त्याने मला उभं करून, पायावर वजन टाकून एक्स-रे काढला. मग फिल्म उजेडाच्या डब्यावर लावली आणि म्हणाला, "याला बनियन म्हणतात."

उस्ताद माझ्या मागे उभे होते. "बनियन? बनियन तर अंगात घालतात ना डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर हसला. मीही हसलो, किती तरी दिवसांनी. मग त्याने पेनाने फिल्मवर दाखवलं. "हे बघा, हाड वाढलेलं नाही. नवीन काही उगवलेलं नाही. पंजाचं हे लांब हाड आतल्या बाजूला सरकलं आहे आणि अंगठा उलट दुसऱ्या बोटाकडे झुकला आहे. दोघांचा मिळून कोपरा झाला. तुम्ही ज्याला टेंगूळ म्हणता, तो हा सांध्याचा कोपरा. त्याच्यावर जोडा घासतो, म्हणून वरचा मऊ भाग सुजतो."

"म्हणजे जोड्यानं झालं?"

"जोड्यानं वाढलं. मूळ पायाची ठेवणच तशी असते. घरात कोणाचा पाय असा आहे का?"

मी नाही म्हणणार होतो. मग वडील आठवले. ते जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. धानाच्या बांधीतून चिखलाचे पाय घेऊन ते यायचे आणि अंगणातल्या दगडावर पाय घासायचे. त्यांच्या दोन्ही पायांना हेच टेंगूळ होतं. मला वाटायचं, नांगर लागला असेल कधी. पण ते कधी लंगडले नाहीत. जन्मभर अनवाणी, फार तर टायरची उघडी चप्पल. त्यांच्या टेंगळाला टोचायला काही नव्हतंच. बापाकडून मला जमीन अर्धा एकर आली आणि हा पाय आला. त्यावर मी लोखंडी टोपीचा जोडा चढवला.

"मग हे सरळ कशानं होईल?" मी विचारलं.

"औषधानं, मालिशीनं, पट्ट्यानं होणार नाही. तसं कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका. पण दुखणं कमी करता येतं, वाढणं रोखता येतं." त्याने समजावून सांगितलं ते मला अजून पाठ आहे. जोडा पुढून रुंद आणि मऊ हवा, बोटं आत मोकळी हलली पाहिजेत, टाच मात्र घट्ट बसली पाहिजे. टेंगळाभोवती जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती लावायची, मधोमध भोक पाडून, म्हणजे दाब कडेला जाईल. अंगठा आणि दुसऱ्या बोटात कापसाची गुंडाळी ठेवायची. सुजलं तर फडक्यात बर्फ गुंडाळून शेकायचं. गोळी रोज नाही, फारच दुखलं तर. आणि पायाच्या बोटांचे व्यायाम करायचे. ऑपरेशनचं मी विचारलं तर म्हणाला, "आत्ता नको. आधी हे करून बघा. पाय सुंदर दिसावा म्हणून ऑपरेशन करायचं नसतं. रोजचं जगणं अडलं तरच करायचं."

उस्तादांनी मला तिथूनच गोल बाजारात त्यांच्या ओळखीच्या जोडेवाल्याकडे नेलं. पहिला जोड त्याने रुंद करायच्या ऐवजी लांब केला. त्यात पाय पुढे घसरायचा आणि अंगठा आणखीच चेपायचा. तो परत केला. दुसऱ्या वेळी कागदावर उभं राहून पंज्याची आखणी काढली, उस्तादांनी दुकानात बसून त्याच्यावर डोळा ठेवला. तो जोड बदकाच्या चोचीसारखा दिसायचा, पण पायाला सुख होतं.

पंप हाऊसमध्ये आता मला काम मिळालं. आकडे लिहून झाले की बूट काढायचो, फरशीवर चिंचोके पसरायचो आणि पायाच्या बोटांनी एकेक उचलून डब्याच्या झाकणात टाकायचो. मग टॉवेल पसरून बोटांनी गोळा करायचा. मग हाताने अंगठा धरून सरळ ओढायचा. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर माणूस वेडा झाला म्हणाला असता. पण बघायला कोणी नव्हतं.

दोनेक महिन्यांत रोजचा ठणका कमी झाला. पाळी निभायला लागली. पण फाट्यापासूनची चाल काही जमेना. दोनदा प्रयत्न केला. एकदा नाल्यापासून परत फिरलो, रात्र धानोऱ्याच्या बस स्थानकावर काढली. तिच्या गावाच्या इतक्या जवळ जाऊन परतलो, हे तिला कळलंसुद्धा नाही.

त्या दिवाळीत ती ऊर्जानगरला आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी खाली बसून पायाला चकती चिकटवत होतो, तेव्हा ती समोर येऊन बसली.

"डॉक्टर काय म्हणते?"

"म्हणते, रोजचं जगणं अडत असेल तं ऑपरेशन करा. सहा आठवडे पंजा टेकवायचा नाई."

"मग अडून राह्यलं का तुमचं?"

मी चकती दाबत राहिलो. मग म्हणालो, "अडून राह्यलं."

"मग करून टाका."

"सहा आठवडे कोण पाहीन माह्याकडे?"

"उन्हाळ्याची सुट्टी काय मले पापड लाटाले देतात का?" ती म्हणाली आणि उठून गेली.

चंद्रपूरच्या मे महिन्यात कोणी हौसेने पाय कापून घेत नाही. डॉक्टर म्हणाला, पाऊस लागला की करू, या उकाड्यात बँडेजमध्ये पाय शिजेल. मी ऐकलं नाही. शाळा सुरू झाली की ती जाणार होती. कमरेत सुई दिली, खालचं शरीर बधिर झालं, पण कान जागे होते. हाड कापायची करवत सुरू झाली तेव्हा मी आवाज ओळखला. वर्कशॉपमध्ये पातळ पत्रा कापताना असाच आवाज यायचा. करवत अडखळली की मला वाटायचं, सांगावं, जरा सावकाश घ्या. अंगठा सरळ करून त्यातून एक तार घातली होती, तिचं वाकवलेलं टोक अंगठ्याच्या बाहेर दिसायचं. उस्ताद भेटायला आले, ते टोक पाहून म्हणाले, "घे भाऊ, तुलाही कॉटर पिन लावली. आता निसटत नाहीस."

त्यानंतरचे दिवस मला जसे आठवतात तसे आयुष्यातले दुसरे कुठलेच आठवत नाहीत. मी खाटेवर, पाय उशांवर उंच ठेवलेला. कूलर दिवसभर घरघरत असायचा आणि ती बादलीने त्यात पाणी भरायची. बँडेजच्या आत घामाने खाज सुटायची, तेव्हा ती वर्तमानपत्राची घडी करून वारा घालायची. संडासपर्यंत टाचेवर, तिच्या खांद्यावर हात टाकून जायचो. सकाळी ती भाजी आणायला जायची आणि परत आली की सांगायची, कोणत्या लाइनीत कोणाच्या दारात मोगरा आहे, नळाला पाणी कसं धो-धो येतं. मी त्या कॉलनीत इतकी वर्षं राहून मोगरा पाहिला नव्हता.

ती झोपताना ट्रान्झिस्टर उशाशी घ्यायची आणि कार्यक्रम संपून नुसती खरखर राहिली तरी बंद करायची नाही. एका दुपारी, खिडकीला ओला पडदा लावून ती खाली फरशीवर पडली होती, तेव्हा मी विचारलं.

"रेडिओ बंद काऊन नाई करत तू?"

"आवाज नसला तं झोप येत नाई मले."

"आधी तं तसं नव्हतं."

"आधी तुम्ही येत होते." ती छताकडे बघत होती. "मग येणं बंद केलं. मले वाटलं, लेकरू नाई, बाकरू नाई, माणूस तरी कशासाठी इतकं चालत येईन?"

मी उठून बसायला गेलो. पाय खाली आला तशी कळ डोक्यात गेली.

"पाय दुखे म्हणून येत नव्हतो मी."

"मग सांगाले काय झालतं?"

"तूच म्हटलं होतं ना. इतकं दुखते तं आले कशाले."

ती उठून बसली. माझ्याकडे पाहिलं. "अवो, तुमच्या पायाची कीव आली म्हणून म्हटलं ते! रात्रभर मी त्या पायाकडं पाहत बसली होती. तुम्ही झोपले होते."

कूलरमधलं पाणी संपून त्याचा आवाज बदलला, तेव्हा ती बादली घेऊन उठली.

शाळा उघडायच्या थोडं आधी तार निघाली. अंगठा सरळ होता, पण लाकडासारखा. डॉक्टरने तो वाकवायचा व्यायाम दिला. तो करून घेताना बायको पक्की मास्तरीण झाली. मी दात-ओठ खात थांबलो की म्हणायची, "आणखी एकदा. नाई, पूर्ण वाकवा. पळवाट नाई पाहिजे." शेवटचे काही दिवस आम्ही संध्याकाळी लाइनीच्या टोकापर्यंत चालत जायचो, मी रुंद पट्ट्यांच्या चपलेत, ती माझ्या चालीने. इतकं हळू ती कधी चालली नसेल.

जूनच्या शेवटी ती गेली. मी कॉलनीच्या गेटपर्यंतच गेलो, पुढे तिने येऊ दिलं नाही. बस निघाली तेव्हा ती खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "पाय वर ठेवत जा." मागच्या सीटवरची बाई तिच्याकडे बघायला लागली.

घरी आलो. पाऊस पडून गेला होता, कूलरची गरज उरली नव्हती. मी तो उघडला, गवत झटकलं, पंखा पुसून माळ्यावर टाकला. खाली उतरून पाहिलं तर खोलीत एकही आवाज नव्हता. पाय बरा व्हावा म्हणून आम्ही दोघांनी इतकं केलं होतं, आणि पाय बरा झाला म्हणूनच घर रिकामं होतं. मी काही तिला थांब म्हणू शकत नव्हतो. पाय वर ठेवून पडून राहिलो.

सूज पुरती उतरायला दिवाळी आली. अंगठा पहिल्यासारखा वाकत नाही, अर्धाच वाकतो, आणि थंडीत सांधा ठणकतो. पण त्या हिवाळ्यात मी फाट्यावर उतरून चालत गेलो, मध्ये दोनदा बसलो, आणि पोचलो. पुन्हा जायला लागलो. बॉयलरवर मात्र परत गेलो नाही. रुंद तोंडाचे सेफ्टी शूज आता मिळत होते, मी अर्जही केला, पण माझ्या जागी दुसरा माणूस रुळला होता. उस्ताद निवृत्त होऊन चंद्रपूरला राहायला गेले. सुरुवातीला मी सुट्टीला त्यांच्याकडे जायचो. मग त्यांना कमी ऐकू यायला लागलं, आणि आमचं बोलणं हळूहळू हातवाऱ्यांवर आलं.

दोन हजार साल उलटल्यावर केव्हातरी बायकोची बदली भद्रावती तालुक्यात झाली. ती सकाळी बसने जायची, संध्याकाळी घरी यायची. आम्ही एका घरात राहायला लागलो, तेव्हा दोघांचेही केस पिकायला आले होते. माझा उजवा पाय डाव्याच्या वाटेने चालला आहे. तो सरळ करायचा नाही असं मी ठरवलं आहे. रुंद जोडा, चकती, बोटांत कापूस, एवढ्यावर तो चालतो. दुखतो, पण अडवत नाही.

वाटलं होतं, एकत्र राहायला लागलो की सगळं आपोआप भरून येईल. काही भरलं, काही नाही. ती गॅसपाशी उभ्या-उभ्याच जेवते, तिकडची सवय. मी आपणहून बोलत नाही, कारण पंप हाऊसवर न बोलण्याची सवय लागली. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसलो की कधीकधी स्वयंपाकघरातून तिचं एकटीचंच बोलणं ऐकू येतं. हळू आवाजात, कोणाला तरी काही समजावून सांगावं तसं. सुरुवातीला मी उठून आत जायचो, की मला हाक मारली असेल. मी आत गेलो की ती गप्प व्हायची आणि विचारायची, "काय पाहिजे?"

आता मी उठून जात नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत बाहेर बसून राहतो.